मदत हवी आहे: पेशीत एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) कायमच भरपूर, मग स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन सोडणाऱ्या बीटा पेशीला साखर वाढल्याचं कळतं कसं?

नमस्कार मंडळी. अमळनेरला अकरावी-बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. प्रश्न पुस्तकातला आहे, पण निघाला घरातून.

नानांना, म्हणजे वडिलांना, आठ वर्षांपासून डायबेटिस. सकाळी ग्लिमेपिराइड, साखर उतरवणारी गोळी, असते. आषाढीला गोळी घेतली आणि वर कडक उपास. भगरसुद्धा नाही, नुसता बिनसाखरेचा चहा. दुपारी तीनला ओट्यावर बसले होते. बंडी घामानं चिंब, हातात तांब्या धरवेना. "माले काय व्हई ऱ्हायनं रे?" एवढंच म्हणाले. मीटरवर ५२. आईनं साखरपाणी पाजलं, सावरले. डॉक्टरांनी नंतर गोळीचं गणित बदलून दिलंय, तेव्हा औषधाचा सल्ला नको. 'उपास करूच कशाला देता' हेही नको. तुम्हीच येऊन सांगा नानांना.

मी वर्गात शिकवतो ते असं. ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं, जळतं, एटीपी वाढतो. एटीपीमुळे पेशीपटलातला पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियमचं दार, बंद होतो. एरवी त्यातून पोटॅशियम बाहेर झिरपत असतो, म्हणून पेशी आतून उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते. झिरपणं थांबलं की व्होल्टेज चढतं, कॅल्शियमचे चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत येतो आणि इन्सुलिनच्या पुड्या बाहेर रिकाम्या होतात.

फळ्यावर बाण छान दिसतात. पण पेशीपटलाचा तुकडा वेगळा काढून बघितला, तर काही मायक्रोमोलर एटीपीतच हा चॅनेल मिटायला लागतो. जिवंत पेशीत एटीपी असतो मिलिमोलरमध्ये, शेकडो पट जास्त. मग तो कायमच बंद का नसतो? आणि नानांची साखर ५२ वर आली तरी पेशी इन्सुलिन सोडत का राहिली?

तापीकाठ:
सर, तुमच्या बाणांत एडीपी, म्हणजे एटीपी खर्च झाल्यावर उरतो तो रेणू, राहून गेलाय.

हा चॅनेल प्रथिनांच्या आठ तुकड्यांचा असतो. मध्ये चार केआयआर ६.२, त्यांचंच भोक, आणि एटीपी तिथेच चिकटून ते मिटवतो. भोवती चार एसयूआर १. मॅग्नेशियमसोबतचा एडीपी त्यांच्यावर बसतो आणि चॅनेल उघडा ठेवायला बघतो. पेशीपटलाचा तुकडा काढून केलेल्या त्या प्रयोगात हा ओढणारा हातच नसतो, म्हणून एटीपी इतका जोरदार दिसतो. खऱ्या पेशीत दोघांची ओढाताण चालते. साखर वाढली की एटीपीत थोडीच भर पडते, पण एडीपी बराच घटतो आणि पारडं फिरतं.

साखरेचा हिशोब ठेवते ग्लुकोकायनेज, ग्लुकोज जाळण्याची पहिली पायरी करणारं विकर. तिचा अर्धा वेग साधारण ८ मिलिमोलरला, म्हणजे १४४ मिग्रॅच्या आसपास येतो, आणि स्वतःच्याच उत्पादनामुळे ती अडत नाही. स्नायूत तेच काम करणारी हेक्झोकायनेज अडते. म्हणून रक्तात जितकी साखर, तितकं जळण.

आता नाना. ग्लिमेपिराइड त्याच एसयूआर १ वर बसते. चॅनेल मिटवते, आणि वर एडीपीचा उघडणारा हातही धरून ठेवते. उपासात साखर उतरली, एडीपी वाढला. एरवी चॅनेल उघडून इन्सुलिन थांबलं असतं. गोळीनं ती वाटच अडवली. पेशीच्या पोटात काय चाललंय ते गोळी विचारत नाही.

केळीचा_घड:
वरचं बरोबर. भर एवढीच की ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांचा शोधच अशा चक्करीतून लागला. १९४२ साली फ्रान्सात मोंपेलियेला टायफॉइडवर एक सल्फा औषध देत होते, आणि रोग्यांची साखर धडाधड उतरायला लागली. बीटा पेशीतला हा चॅनेल ग्लुकोजनं मिटतो, हे फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट यांनी १९८४ मध्ये दाखवलं. म्हणजे औषध आधी, कुलूप चाळीस वर्षांनी.

काही तान्ह्या बाळांत केआयआर ६.२ जन्मतःच बिघडलेला असतो, एटीपीला दाद देत नाही, म्हणून त्यांना डायबेटिस होतो. त्यातली बरीचशी इन्सुलिन सोडून याच गटातल्या गोळ्यांवर राहू शकतात.

धागाकर्ता:
तापीकाठ, एडीपीचं डोक्यातच नव्हतं. इतकी वर्षं एकाच बाजूचा बाण काढतोय, उद्या दुसरा काढतो.

नानांना सांगून बघितलं. म्हणाले, "म्हणजे गोळीले कळत नई का आज एकादशी शे?"

एक शंका उरलीच. असाच चॅनेल हृदयाच्या स्नायूतही असतो ना? मग ही गोळी तिथला चॅनेलही मिटवते का?