नवी खाऱ्या पाण्याची टाकी, पाणी दुधाळ. काय करू?

प्रश्न: ६० लिटरची टाकी, ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू, मासे नाहीत. पाचवा दिवस, तरी पाणी पांढुरकं. सगळं बदलू का?

उत्तर: नका बदलू! आधी काचेवरून आतून बोट फिरवा. खडूसारखी भुकटी लागली तर वाळूची धूळ. फिल्टरमध्ये फ्लॉस (धूळ अडकवणारा कापसासारखा थर) घाला, रोज बदला. पॉवरहेडचं (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वाळूपासून वर वळवा.

उत्तर: भुकटी नसेल तर जिवाणू वाढलेत. आपोआप ओसरतात, पण ऑक्सिजन खातात. पृष्ठभाग हलता ठेवा. अमोनिया, नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर येईपर्यंत मासे नकोत.

उत्तर: सागरी मीठ (मत्स्यटाकीसाठीचं मिश्रण) टाकीतच ओतलंत का? एकदम पडलं की कॅल्शियम पांढरा साका होऊन बसतं. बादलीत आधी आरओचं पाणी, मग लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ थोडंथोडं, पंप रात्रभर चालू. सापेक्ष घनता (खारटपणा दाखवणारा आकडा) १.०२५ आली की मगच टाकीत.

प्रश्नकर्ता: बोट पांढरं झालं! फ्लॉस आणतो.