खरिपाची ज्वारी सोडली ते बरोबर की चूक? तुलनात्मक लाभाचं गणित मांडून बोलू

काळी_माती

विदर्भातली खरिपाची ज्वारी कापूस, सोयाबीन आणि तुरीनं खाल्ली आणि घरची भाकर विकतची झाली, अशी तक्रार दर उन्हाळ्यात पारावर ऐकू येते. माझ्या मते ज्वारी सोडली ते बरोबरच झालं. अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला शिकवतात ते तुलनात्मक लाभाचं तत्त्व इथं तंतोतंत लागू पडतं.

दोन गावं घ्या. नदीकाठचं काळ्या मातीचं गाव एकरी ८ क्विंटल कापूस किंवा १२ क्विंटल ज्वारी काढतं. टेकडीकडचं बरड, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीचं, गाव एकरी २ क्विंटल कापूस किंवा ६ क्विंटल ज्वारी काढतं. आकडे हिशोबाला सोपे म्हणून घेतलेत. काळं गाव दोन्ही पिकांत सरस आहे, म्हणून बरड गावाशी देवघेव करण्यात त्याचा काय फायदा, असं वाटतं. पण पाहायचं असतं ते एका क्विंटल कापसासाठी किती ज्वारी सोडावी लागते. काळ्या गावाला दीड क्विंटल सोडावी लागते, बरडाला ३. म्हणजे कापूस काळ्यातच स्वस्त पडतो आणि ज्वारी बरडावर. काळ्यानं सगळा कापूस पेरावा, बरडानं सगळी ज्वारी, आणि दोघांनी अदलाबदल करावी. १८१७ साली रिकार्डो या इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञानं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन हेच दाखवलं होतं. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्ही मालांत सरस होता, तरी व्यापारात दोघांचाही फायदा होता.

हिशोबवही

भाऊ, तत्त्व बरोबर आहे, पण "सगळा कापूस" हे चुकलं. तुमचेच आकडे घेऊन पहा.

दोन्ही गावांकडे १०-१० एकर धरू. आधी दोघंही निम्मंनिम्मं पेरतात. काळ्याचा ४० क्विंटल कापूस आणि ६० ज्वारी, बरडाचा १० कापूस आणि ३० ज्वारी. एकूण ५० कापूस, ९० ज्वारी. आता तुम्ही म्हणता तसं केलं तर कापूस ८० होतो, पण ज्वारी ६० वर येते. ३० क्विंटल भाकरी कमी झाली. याला फायदा कसा म्हणायचं?

बरडानं सगळ्या १० एकरांत ज्वारी पेरावी आणि काळ्यानं ७ एकर कापूस, ३ एकर ज्वारी ठेवावी. मग कापूस ५६, ज्वारी ३६ आणि ६० मिळून ९६. दोन्ही ६-६ क्विंटलनं वाढलं, एक इंच जमीन न वाढवता. आता एका क्विंटल कापसाला २ क्विंटल ज्वारी असा दर ठरला आणि काळ्यानं १२ कापूस देऊन २४ ज्वारी घेतली, तर त्याच्याकडे ४४ कापूस, ६० ज्वारी उरते. बरडाकडे १२ कापूस, ३६ ज्वारी. दोघंही आधीपेक्षा वर.

पहिल्या वर्षाची पोरं इथंच घसरतात. ज्याला ज्यात तुलनात्मक लाभ आहे तिकडे झुकायचं, हा नियम. किती झुकायचं ते मागणीवर ठरतं. दर मात्र दीड आणि ३ यांच्या मध्येच हवा, बाहेर गेला की एकाचा तोटा.

बरडावरचा

"दर मध्येच हवा" असं लिहायला सोपं आहे. तो दर कोण ठरवतो?

बरड गाव काळ्या गावाला पोत्यानं ज्वारी देत नाही. दोघंही बाजारात येतात, आणि तिथं विकायचा भाव वेगळा, घ्यायचा वेगळा. समजा कापसाचे गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन हाती ७,००० रुपये पडले आणि ज्वारी किराणा दुकानात ४,००० रुपये क्विंटल. काळ्या गावाला एका क्विंटल कापसात मिळाली पावणेदोन क्विंटल ज्वारी. बरडाची ज्वारी अडतीवर २,५०० ला गेली, तर एक क्विंटल कापसाची किंमत भरायला त्याला २.८ क्विंटल विकावी लागली. दीड ते ३ ही दीड क्विंटलची जागा होती, त्यातले १.०५ वाटेत गेले. काळ्याला पाव क्विंटल उरलं आणि बरडाला ०.२.

त्यात ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आहे तो दिवाळीच्या आधी ओला कापूस विकतो. आधारभूत भावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण धरतात, त्यावर टक्क्यामागं कपात होते आणि १२ च्या वर माल परत जातो. पहिल्या वेच्याचा दवानं भिजलेला कापूस तिथं टिकत नाही. एकूण फायदा वाढला हे मान्य, पण कोणाच्या पदरात पडला ते तुमचं तत्त्व सांगत नाही.

काळी_माती

हिशोबवही, चूक मान्य. ७ आणि ३ ची मांडणी बरोबर आहे.

बरडावरचा भाऊ, तुम्ही दाखवलेली गळती बाजाराची आहे, तत्त्वाची नाही. गळती आहे म्हणून देवघेवच सोडायची का? ती कमी करायची. कापूस दोन दिवस पातळ पसरून वाळवला, कवडी (किडका, डागी कापूस) वेगळी ठेवली, १० जणांनी एक गाडी केली, तर तोच माल वर चढतो. आणि तुमच्याच भावानं बरडाचा हिशोब करा. एकरी ६ क्विंटल ज्वारी २,५०० नं १५,०००, आणि २ क्विंटल कापूस ७,००० नं १४,०००. इतक्या पडक्या भावातही बरडावर ज्वारीच पुढे आहे, खर्च तर तिचा कमीच. म्हणजे तत्त्व टिकलं.

कडबा_पेंढी

खर्चाचा विषय निघालाच आहे तर तो वहीत उतरवू. आतापर्यंत सगळ्यांनी फक्त जमीन मोजली. शेतीत रोख पैसा आणि मजुरीही लागते.

काळ्या मातीत कापसाचे ८ क्विंटल म्हणजे ५६,०००. बियाणं, खत, फवारण्या, निंदण, डवरणी आणि किलोला १० रुपये वेचणी धरून खर्च ३०,००० समजा. हाती २६,०००. ज्वारी १२ क्विंटल, २,५०० नं ३०,०००, खर्च १२,०००, हाती १८,०००. वरून कडबा. ५०० पेंढ्या, शेकडा १,००० नं ५,००० रुपये. झाले २३,०००. ज्याच्या दारात बैलजोडी आहे त्यानं कडबा सोडून हिशोब मांडूच नये. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जनावर खातं, पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मात्र चुलीतच जाते.

आता वाईट साल घ्या. कापूस ४ क्विंटल. वेचणीचे ४,००० वाचले, तरी हाती २,००० च. ज्वारी ६ क्विंटल आणि कडबा ४,००० चा धरला तर ७,०००. ३ सालांत एक वाईट धरलं तर कापसाची सरासरी १८,००० येते, ज्वारीची १७,६६६. ज्या फरकासाठी सगळं गाव कापसावर गेलं तो ३०० रुपयांवर आला.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. घरात खायची ज्वारी विकायच्या भावानं मोजायची नसते, घ्यायच्या भावानं मोजायची असते. एकरभर कापसाच्या २६,००० त दुकानातून साडेसहा क्विंटल ज्वारी येते. तोच एकर ज्वारी पेरला तर १२ क्विंटल, त्यातले खर्चाच्या १२,००० चे ३ वजा केले तरी ९, कडबा वेगळा. म्हणून काळ्या मातीतही घरच्या खाण्यापुरती ज्वारी पेरणं हेच हिशोबी शहाणपण आहे.

रुई_सरकी

ताई, हिशोब चोख आहे. पण १२ क्विंटल घरी आणूनच दाखवा! ज्वारी का गेली? भावानं गेली हे अर्धंच खरं. रानडुकरं ताटं मोडतात, रोही (नीलगाय) कोवळं पीक खाते, आणि दाणा दुधात आला की पाखरं. १०० एकर पऱ्हाटीत एकट्याची अर्धा एकर ज्वारी असली तर शिवारातली सगळी पाखरं तिच्यावरच येतात. पहाटे आणि दिवस कलताना गोफण घेऊन कोणी तरी उभं पाहिजे, रात्री जागल पाहिजे. महिनाभराची ती मजुरी १२,००० त धरलेली दिसत नाही. त्यात कणसं पक्व असताना परतीचा पाऊस लागला की बुरशीनं दाणा काळा पडतो. ती ज्वारी ना भाकरीला चालते ना भावाला, पशुखाद्यात जाते.

आणि खाण्याची गरज तरी किती? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे. ५ जणांचं वर्षाचं ३ क्विंटल घरात येतं. वर्षाची गरज ६ ची धरली तर उरली ३ क्विंटल. ४,००० नं १२,००० रुपये. एवढ्यासाठी महिनाभर एक माणूस बांधायचा?

कडबा_पेंढी

जागलीचा मुद्दा खरा आहे, तो धरायलाच हवा होता. पण तुमच्याच बोलण्यात उत्तर आहे. एकट्यानं पेरली तर परवडत नाही. २० घरांनी आपापली अर्धा अर्धा एकर लागून लागून पेरली तर १० एकरांचा एक चक होतो, पाखरं वाटली जातात आणि जागल सावडीनं फिरते. एका घराच्या वाट्याला ३० रात्रींतून दीड रात्र.

बरडावरचा

रेशनच्या भरवशावर सगळं शिवार एका पिकाला लावू नका. वऱ्हाडानं हे भोगलंय. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० ला जलंबहून खामगावपर्यंत रूळ आले, गठाणी मुंबईला जाऊ लागल्या. आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात? रेल्वेनं धान्य येऊ शकत होतं, पण पीक बुडालं तशी वेचणीची मजुरीही बुडाली. मजुराच्या हाती धान्य घ्यायला पैसाच नव्हता. एकाच पिकाच्या गावात शेतकरी, मजूर, सुतार, किराणा सगळे एकाच दिवशी आडवे होतात. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं हेच दाखवलं.

हिशोबवही

बोंडअळीवरून एक भर घालतो. पाठ्यपुस्तकात एकरी ८ हा आकडा पक्का असतो. शेतात तो काल काय पेरलं होतं त्यावर हलतो. सलग कापूस आणि वरून फरदड, म्हणजे पुन्हा वेचणीसाठी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभा ठेवलेला कापूस, हे अळीला बारमाही घर. ८ चे ६ झाले की एका क्विंटल कापसासाठी सोडायची ज्वारी दीडवरून २ वर जाते, आणि तुलनात्मक लाभच पातळ होतो. शिवाय तुरीचं एक तास, म्हणजे एक ओळ, कापसातच बसतं, त्याला वेगळा एकर मोजावा लागत नाही. त्या एका तासात डाळ सुटते.

भावही आपल्या हाती नाही. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, ऐन वेचणीच्या हंगामात. सूतगिरणीला रुई स्वस्त, देशाचा एकूण फायदा कदाचित वाढलाही असेल, पण त्या फायद्यातलं काही कापूसवाल्याला आपोआप पोचत नाही. पोचवायचं तर वेगळं ठरवून पोचवावं लागतं.

काळी_माती

मग माझं म्हणणं बदलून लिहितो. विकायच्या पिकात तुलनात्मक लाभ पहा, खायच्या पिकात आधी दुकानाचा भाव पहा. काळ्यात कापूसच मुख्य राहील, त्यावरून मी हलत नाही. सगळ्यांनी पुन्हा निम्मी ज्वारी पेरली तर अडतीवर २,५०० ही मिळणार नाहीत. पण घरामागं अर्धा एकर, एका चकात, हे पटलं.

रुई_सरकी

मला अजून पूर्ण पटलं नाही. २० घरांपैकी ५ जण मागं सरले की उरलेल्यांची जागल वाढते, मग पुढच्या साली आणखी ५ जातात. चक मोडतो तो असाच. पाळी आधी लिहून ठेवा, न येणाऱ्यानं मजूर द्यायचा हे पेरणीच्या आधी ठरवा.

कडबा_पेंढी

पाळीसोबत तारीखही ठरवा. सगळ्या चकाची पेरणी एकाच आठवड्यात, पाऊस लागल्या लागल्या, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एकाची आधी निसवली, म्हणजे कणसं आधी बाहेर पडली, तर पाखरं त्याच्यावरच बसतात, आणि जो मागं राहतो त्याचे पोंगे (रोपांचे मधले कोंब) खोडमाशीनं मरतात.