जालियनवाला बाग: नूतनीकरणानंतर १९१९ चं काय उरलंय?

प्रश्न: आईबाबांना घेऊन अमृतसरला जायचं आहे. २०२१ मध्ये बागेत बरेच बदल झाले, असं ऐकलं. मूळचं नेमकं काय पाहायला मिळतं? सुवर्णमंदिराच्या दिवशीच जमेल का?

उत्तर १: जमेल. सुवर्णमंदिरापासून पायी पाच-सात मिनिटं, प्रवेशाला तिकीट नाही. आत शिरल्यावर बहुतेक लोक तडक ज्योतीकडे जातात आणि तिथेच चुकतं. ती लाल दगडाची ज्योत १९६१ ची, बेंजामिन पोल्क यांनी रचलेली. आधी आत येण्याची अरुंद गल्ली संपते तिथे थांबा. तिथल्याच उंचवट्यावर गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या ब्रिटिश अधिकारी डायरने ५० बंदूकधारी शिपाई दोन्ही बाजूंना उभे केले होते. साधारण दहा मिनिटांत १६५० गोळ्या, म्हणजे प्रत्येक शिपायामागे ३३. त्या जागेवरून मैदान बघितलं की लपायला जागाच नव्हती, हे नकाशाशिवाय कळतं. मग भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणा बघा. त्या चौकटींनी दाखवल्या आहेत. गोळ्या चुकवायला लोकांनी जिच्यात उड्या घेतल्या ती शहीदी विहीर आता काचेआडून दिसते. तिच्यातून १२० मृतदेह काढले, असं तिथला फलक सांगतो.

उत्तर २: गल्लीबद्दल थोडी भर. तिच्या दोन्ही भिंतींवर आता माणसांची शिल्पं आहेत. मला हा बदल पटलेला नाही, कारण त्या गल्लीचा अरुंदपणा हाच पुरावा आहे. मशीनगन असलेल्या दोन चिलखती गाड्या आत शिरू शकल्या नाहीत, म्हणून बाहेर राहिल्या. शिरल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का, असं हंटर समितीत, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीत, तिचे सदस्य मुंबईचे वकील चिमणलाल सेटलवाड यांनी डायरला विचारलं. बहुधा हो, असं त्याचं उत्तर होतं. म्हणून शिल्पांपेक्षा गल्लीची रुंदी बघा.

प्रश्नकर्ता: आभार. मृतांचा आकडा ठिकठिकाणी वेगळा का दिसतो?

उत्तर २: ३७९ हा सरकारी आकडा, हंटर समितीच्या अहवालातला. काँग्रेसने स्वतःची चौकशी केली, त्या समितीत गांधीजींबरोबर आपले मुंबईचे वकील मुकुंदराव जयकरही होते. त्यांचा अंदाज हजाराच्या आसपास होता. आकडा सांगताना तो कुणाचा, हेही सांगा.

उत्तर ३: सोमवार टाळा, जवळच्या टाउन हॉलमधलं फाळणी संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा. संध्याकाळी थांबलात तर एक लक्षात असू द्या: गोळीबार पाचच्या सुमारास झाला आणि रात्री आठनंतर घराबाहेर पडायला बंदी होती. त्यामुळे कित्येक जखमी रात्रभर त्याच मैदानात पडून राहिले.