घरच्या घरी केलेली दुरुस्ती: वस्तू वाचते की कायमची वाया जाते?

धागा उघडणारी:
माझं मत आधीच सांगून टाकते. वस्तू मोडली की पहिला हात घरातल्या माणसानेच घालावा, आणि ठिगळ दिसलं तरी बिनधास्त दिसू द्यावं. निमित्त माझ्या हेडफोनचं. एका बाजूचा आवाज गेला होता, प्लगजवळ वायर वाकवून धरली की यायचा आणि सोडली की गायब, म्हणजे स्पीकर ठणठणीत आहे आणि वायर आतून तुटलीये हे उघड होतं, तरी ज्याला विचारलं तो म्हणाला नवीन घे. मी वायर थोडी मागून कापली आणि नवीन प्लगला डाग द्यायला (सोल्डर करायला) बसले तर कथील धरेचना. मग शोधून कळलं की त्या केसासारख्या बारीक तारांवर रंगीत मुलामा असतो, तो वीज अडवतो, पॉलिश पेपरने घासून नाहीतर इस्त्रीच्या टोकाने (सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या) जाळून काढला की मगच जोड लागतो. आता दोन्ही बाजू खणखणीत वाजतात.

तेव्हापासून मी घरातलं काही ना काही उघडते. रिमोटचं एकच बटण दाबलं जात नसेल तर बहुतेक वेळा रबराखालचा काळा थर झिजलेला असतो, तिथे अॅल्युमिनियम फॉइलचा छोटा तुकडा चिकटवला की काम होतं. बॅगेची चेन लावल्यावर मागून उसवत असेल तर चेन बदलायची गरज नसते, रनर सैल झालेला असतो, पकडीने दोन्ही बाजूंनी जरा जरा दाबायचा. हे सगळं न करता वस्तू फेकणं मला आता सहनच होत नाही. तुमचं काय मत?

प्रतिसाद १:
मी दुरुस्तीचंच काम करतो, बरीच वर्षं, आणि तुमच्याशी अजिबात सहमत नाही. नुसती मोडलेली वस्तू माझ्यासाठी सोपी असते. घरी कोणीतरी आधी हात घातलेली वस्तू आली की दिवस जातो. सगळ्यात वाईट सुपरग्लू. तो फटीतून आत झिरपतो, स्विच जागेवर जाम होतो, आणि सुकताना वाफ निघते तिचा पांढरा थर लेन्सवर किंवा स्क्रीनच्या आतून बसतो. शिवाय जे झाकण चार स्क्रूंवर उघडायचं ते आता फोडावं लागतं.

दुसरं म्हणजे स्क्रू. लोक सगळे स्क्रू एकाच वाटीत काढून ठेवतात. फोन-लॅपटॉपमध्ये त्यांची लांबी अर्ध्या मिलिमीटरनेही वेगळी असू शकते, लांब स्क्रू आखूड भोकात पिळला की तो खाली सर्किट बोर्डात घुसतो आणि आतले ट्रॅक, म्हणजे वीज वाहणाऱ्या बारीक रेषा, तुटतात. आधी फक्त बॅटरी बदलायची होती, आता बोर्ड गेला. तुमचा हेडफोन जमला त्याचा आनंद आहे, पण न जमलेले लोक धागे काढत नाहीत, ते माझ्याकडे येतात.

प्रतिसाद २:
१ शी असहमत. यात ग्लूचा काय दोष, माहिती नसण्याचा दोष आहे. बादली, डब्याचं झाकण यांच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला साधा सुपरग्लू धरतच नाही, कितीही ओता. तिथे तडा जातो त्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं म्हणजे तडा पुढे सरकत नाही, मग दोन्ही बाजूंना गरम सुईने भोकं पाडून तारेने टाके घालायचे. माझी बादली अशी शिवलेली आहे, पाणी थोडं पाझरतं म्हणून कोरडं सामान ठेवते पण फेकली नाही. माहिती वाटा, घाबरवू नका.

प्रतिसाद ३:
घाबरवायची गरज आहे हो, काही ठिकाणी नक्कीच आहे. मायक्रोवेव्ह कोणीही घरी उघडू नये. आत दोन हजार व्होल्टच्या आसपासचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, एका स्पर्शात जीव जाऊ शकतो. आणि फुगलेली लिथियम बॅटरी. तिला टोचून हवा काढायचा सल्ला मी स्वतः वाचलाय, तो देणाऱ्याला कळत नाही की आत हवा नसून पेट घेणारा वायू आहे आणि टोचल्यावर आतले थर एकमेकांना टेकून तिथेच आग लागू शकते. फुगली की चार्जिंग बंद, दाबायची नाही, वाकवायची नाही, बॅटऱ्या गोळा करतात तिथे नेऊन द्यायची. भिजलेला फोन तांदळात ठेवणं हेही असंच, अॅपलने २०२४ मध्ये आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. तरी लोक ठेवतातच.

धागा उघडणारी:
३ यांचं शंभर टक्के मान्य, मायक्रोवेव्ह आणि फुगलेली बॅटरी माझ्याही यादीत नाही.
पण १, तुम्ही म्हणता चिकटवल्यामुळे उघडत नाही. मग कंपन्या काय करतात? फोनची मागची काच चिकटवलेली, आत बॅटरी पण चिकटवलेली. युरोपियन युनियनला त्यासाठी कायदा करावा लागला, २०२३ चा बॅटरीचा नियम, त्यानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्यालाच काढता आल्या पाहिजेत. कारखान्यात चिकटवलं तर ते डिझाइन आणि मी चिकटवलं तर ते नुकसान, हे मला पटत नाही.

प्रतिसाद १:
कारखान्याच्या चिकटवण्यावर माझाही राग आहे, रोज त्याच्याशीच झगडतो. पण फरक आहे. फोनच्या काचेखालचा गोंद गरम केला की मऊ होतो, हळूहळू सोडवता येतो. तुमचा सुपरग्लू सुटायला अॅसिटोन लागतो आणि अॅसिटोनने बरंचसं प्लास्टिकच विरघळतं. माझा मुद्दा एवढाच की नंतरच्या माणसाला ती वस्तू परत उघडता आली पाहिजे. जी दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीचा रस्ता बंद करते तिला मी दुरुस्ती म्हणत नाही.

प्रतिसाद ४:
तुम्ही सगळे मोडलेल्या वस्तूंबद्दलच बोलताय. माझ्या आईला आता नीट दिसत नाही. वॉशिंग मशीनची बटणं सगळी सपाट, हाताला काही लागतच नाही, त्यामुळे ती दरवेळी मला हाक मारायची आणि मी घरी नसले की कपडे तसेच. मी सुरू करायच्या बटणाशेजारी जाड गोंदाचा एक थेंब वाळवला आणि तिच्या नेहमीच्या प्रोग्रॅमला दोन थेंब. आता ती स्वतः लावते. फोनच्या चार्जरलाही वर कुठली बाजू ते कळायला एक थेंब. मशीन बिघडलेलं नव्हतंच, पण तिच्यासाठी ते बंद असल्यासारखंच होतं. हे काम कुठला कारागीर करून देणार, आणि त्याला कळणार तरी कसं की कुठल्या बटणाला किती थेंब?

प्रतिसाद १:
४, हे मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं. हे घरच्यांनीच करायचं काम आहे, वाद नाही. फक्त थेंब बटणावर नको, शेजारी, आणि ते तुम्ही बरोबर केलंय.

प्रतिसाद ५:
वाद चालू द्या पण माझा प्रश्न आहे. लॅपटॉप उघडताना बिजागरीजवळ कट्‌ आवाज येतो आणि कोपऱ्यात फट पडते. घरी करू का नको?

प्रतिसाद १:
आधी उघड-मिट बंद करा, प्रत्येक वेळी फट वाढतेय. बिजागरी घट्ट झालेली असते आणि ती ज्या प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसते त्यातल्या पितळी नटा उपटून येतात. नुसतं परत चिकटवलं तर महिन्यात पुन्हा तुटणार, म्हणून चिकटवण्याआधी बिजागरीची नट अगदी थोडी सैल करा. त्यासाठी आधी खालचं झाकण काढा, बॅटरीची पिन सोडवा, प्रत्येक स्क्रू कागदावर जागेनुसार चिकटवून ठेवा. प्लास्टिक पॉलिश पेपरने खरखरीत करा, पुसा, आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद मिसळून पितळी नटा त्यात बसवा. स्क्रूच्या आट्यांना आधी ग्रीस लावा नाहीतर तोही अडकेल. २४ तास हात लावायचा नाही.

धागा उघडणारी:
म्हणजे चिकटवायला तुमची हरकत नाही तर?

प्रतिसाद १:
इथे नाही. पितळी नट कायमची तिथेच राहायची आहे, उघडायचा आहे तो स्क्रू. ग्रीस त्याचसाठी सांगितलं.

प्रतिसाद ५:
रविवारी बसतो. बिजागरीची नट सैल करायची म्हणजे किती, पाव आटा?

प्रतिसाद १:
पाव पण जास्त होईल. थोडी फिरवा, हाताने हलवून बघा, स्क्रीन हवी तिथे थांबली की बस. सैल जास्त झाली तर स्क्रीन आपोआप मागे पडेल.