मासा मापायचा की मोजायचा?

प्रश्न

एकाच जातीच्या माशांचे वेगवेगळ्या पाण्यातले गट अंगलक्षणांवरून कसे ओळखतात, यावर मासिकासाठी लेख लिहितेय. अशा गटाला इंग्रजीत ‘स्टॉक’ म्हणतात; त्याला सगळीकडे ‘मत्स्यसाठा’ छापलेलं दिसतं, ते मला खटकतंय. शिवाय ‘मॉर्फोमेट्रिक’ (अंगाची मापं) आणि ‘मेरिस्टिक’ (अवयवांची संख्या) या जोडीला काय म्हणावं? ‘आकारमितीय’, ‘खंडसंख्यात्मक’ असं लिहून पाहिलं, पण वाचक तिथेच लेख मिटेल.

उत्तर

खटकतंय ते योग्यच आहे. साठा म्हटलं की किती माल शिल्लक आहे, हेच मनात येतं. इथे प्रश्न किती हा नाही, कोणाची वीण कोणाशी होते हा आहे. मुंबई-गुजरातकडचा बोंबील आणि बंगाल-ओडिशाकडचा बोंबील, जाती एकच. पण मधल्या कर्नाटक-केरळच्या किनाऱ्यावर तो जवळपास मिळतच नाही. मग हे दोन्हीकडचे बोंबील एकमेकांत मिसळतात का, असं विचारावंच लागतं. आपापसात वीण होणाऱ्या अशा गटाला ‘समूह’ म्हणा. ‘साठा’ टनांपुरता ठेवा.

एक कळकळीची विनंती: ‘प्रजाती’ नको. मराठी परिभाषेत जाती म्हणजे ‘स्पीशीज’, आणि प्रजाती ही तिच्या वरची पायरी, म्हणजे ‘जीनस’. बातम्यांत सर्रास उलटं येतं.

जोडीसाठी आपल्याकडे दोन क्रियापदं तयार आहेत. डोक्याची लांबी, अंगाची उंची, डोळ्याचा व्यास, शेपटीच्या देठाची जाडी ही ‘मापलक्षणं’. पोहण्याच्या परांमधले काटे, अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे खवले, कल्ल्यांच्या कमानीवरचे दाते, मणके ही ‘मोजलक्षणं’.

आक्षेप

‘मोजलक्षणं’ चालणार नाही. भूमी अभिलेखवाले जमिनीची मोजणी करतात तेव्हा ते काही गणती करत नाहीत. आपण उंची मोजतो, तापही मोजतो. बोलीत मोजणं दोन्हीकडे पसरलंय, त्यामुळे मापलक्षणं आणि मोजलक्षणं शेजारी ठेवली की घोटाळा होणार. जनगणना, पशुगणना यांत अर्थ पक्का आहे. ‘गणनलक्षणं’ घ्या.

उत्तर

पटलं, गणनलक्षणंच घ्यावं. कारण इथे फरक धूसर झाला तर विषयच निसटतो. मापं आयुष्यभर हलत राहतात. मासा वाढतो तसं डोक्याचं आणि धडाचं प्रमाण बदलतं, खाणं कमी पडलं की अंग सडपातळ होतं, गाबोळी भरली की पोट फुगतं. फॉर्मालिनमध्ये ठेवलेला मासा आकसतोसुद्धा. म्हणून लहानमोठेपणाचा परिणाम बाजूला काढल्याशिवाय दोन समूहांची मापं शेजारी ठेवता येत नाहीत. मणक्यांची संख्या मात्र भ्रूणावस्थेतच ठरते. मासा पुढे कितीही वाढो, ती तीच राहते.

डेन्मार्कच्या योहान्स श्मिटने याच आधारावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईलचा, म्हणजे आपल्या वामच्या गणातल्या माशाचा, छडा लावला. आइसलँडपासून भूमध्य समुद्रापर्यंत कुठलाही युरोपीय ईल घ्या, मणक्यांची सरासरी ११४ ते ११५च्या आसपास येते; अमेरिकन ईलची सुमारे १०७. म्हणजे सबंध युरोपचा ईल एकाच विणीचा. उलट झोआर्सेस नावाचा, किनाऱ्याला चिकटून राहणारा आणि पिल्लांना जन्म देणारा मासा त्याने पाहिला, तर डेन्मार्कच्या एकाच फ्योर्डच्या (जमिनीत लांब शिरलेल्या खाडीच्या) तोंडाशी एक सरासरी आणि आतल्या टोकाला दुसरी. हे दोन मासे शेजारी ठेवून वाचण्यासारखं सुंदर काम या विषयात फार थोडं आहे. लेखात याला जागा द्याच.

पुन्हा विचारणा

मग मणके मोजून हातातला मासा कोणत्या समूहातला हे ‘ओळखता येतं’ असं लिहू का?

उत्तर

नाही. युरोपीय ईलमध्ये साधारण ११० ते ११९ मणके, अमेरिकनमध्ये १०३ ते १११. ११० मणक्यांचा एकच ईल समोर असेल तर काय सांगाल? ओळखायचा तो समूह, आणि तोही पुष्कळ मासे पाहून. जर्मनीच्या हाइन्केने १८९८मध्ये हेरिंग या तारलीच्या कुळातल्या माशावर मोठा ग्रंथ काढला, त्यातही भर एका लक्षणावर नाही, अनेक लक्षणांच्या मेळावर आहे. तेव्हा ‘मासा ओळखणे’ऐवजी ‘समूह वेगळे काढणे’ असं लिहा.

आणखी एक

भाताचं वाण असतं तसं माशाचं ‘वाण’ म्हटलं तर? ‘समूह’ फार फिका वाटतो.

उत्तर

‘वाण’ म्हटलं की गुण बियाण्यातून आले, असं गृहीत धरलं जातं. टॉनिंग या डॅनिश अभ्यासकाने समुद्री ट्राउटची अंडी वेगवेगळ्या तापमानांत वाढवून दाखवलं की मणक्यांची संख्या पाण्याच्या उबेवरही ठरते. थंड पाण्यातल्या माशांना बहुधा मणके जास्त असतात, हेही जुनंच निरीक्षण आहे. दोन समूहांच्या सरासरीत फरक दिसला तर तो रक्तातला असेल, किंवा नुसता पाण्याचा असेल. मापं आणि गणनलक्षणं एवढ्यावर ‘समूह’ लिहा. ‘वाण’ लिहायचं तर डीएनएचा पुरावा हवा.