मदत हवी आहे: हुरड्याला तीसेक माणसं आणि मिरच्यांचा ढीग, सोपं काय करता येईल?

कडबाकुट्टी:

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या शेतावर (बार्शी तालुका) हुरड्याचा बेत ठरलाय. तीसेक माणसं येणार. निम्मी घरची, म्हणजे पानात मिरची दिसली नाही तर "कुणी आजारी आहे का?" असं विचारणारी. उरलेली निम्मी नवऱ्याच्या पुण्यातल्या ऑफिसातली, त्यात एक गुजराती आणि एक बंगाली कुटुंब आहे. शिवाय सात-आठ पोरं.

हुरड्याची काळजी नाही. सुरती (हुरड्याची ज्वारी) लावलीय, आगटी (हुरडा भाजायचा खड्डा) सासरे पेटवतात आणि त्या कामात कुणी हात घातलेला त्यांना खपत नाही. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं, ताक हेही ठरलेलं.

प्रश्न मिरचीचा आहे. यंदा ठिबकच्या कडेला मिरची लावली होती, ती चांगलीच सुटलीय. तीन प्रकार आहेत: लांब-वाकडी ज्वाला, पोपटी-जाड भावनगरी आणि बांधावर आपोआप आलेली बारकी, उभी मिरची. ही तिसरी भयंकर आहे. ती खाऊन आमचा गडी दिवसभर गप्प होता, एरवी ते कुणाला जमत नाही.

तर विचारायचं असं:

१) ठेचा सोडून मिरचीचं असं काय करता येईल, जे हातात धरून, फिरत, उभ्याने खाता येईल?

२) सगळ्यांसाठी वेगवेगळं शिजवत बसायचं नाहीये. एकाच पदार्थात तिखट खाणारे आणि न खाणारे दोघं कसे सांभाळायचे?

३) शेतावर दोन चुली, एक शेगडी, लोखंडी तवा आणि मोठी कढई आहे. विजेचा भरवसा नाही, म्हणजे मिक्सर आणि फ्रीज धरू नका. बर्फाचा एक डबा नेता येईल.

आणि कृपया "मिरच्या मिठाच्या पाण्यात भिजवा, तिखटपणा जातो" हे सांगू नका. सासूबाईंनी ते ऐकवून झालंय.

---

ओसरी:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की बाकीचे आपोआप सुटतात.

ठेचा एकच करा, पण झणझणीत करा. फिका ठेचा कुणाच्याच कामाचा नाही, तिखट खाणाऱ्यांनाही नको आणि इतरांनाही नको. त्याचे तीन वाटे करा. एक तसाच, भाकरीबरोबर. दुसरा चक्क्यात कालवून (आदल्या रात्री दही फडक्यात टांगून ठेवा). तिसरा घरच्या लोण्यात फेटून. मिरचीतला जो तिखट पदार्थ आहे, कॅप्साइसिन, तो पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून लोण्यात आणि दह्यात गेला की त्याची धार बोथट होते आणि मिरची-लसणाची चव मात्र राहते. पातळ करायला पाणी घालाल तर चव पातळ होईल, जाळ तसाच राहील.

लोण्याचा ठेचा भाजलेल्या कणसाला फासा, आगटीच्या कडेला भाजलेल्या रताळ्यावर घाला. तुमची बंगाली मंडळी खूश होतील, लिहून ठेवा. चक्क्यातला ठेचा म्हणजे काकडी-गाजराच्या फोडी बुडवायला, थालीपीठाला लावायला. पोरांना नुसतं लोणी. पदार्थ तोच, तिखट ज्याने त्याने वरून घ्यायचं.

पनीरचे तुकडे ठेच्यात घोळून तव्यावर परतायचं खूळ सध्या सगळीकडे आहे. मला त्याचं फार कौतुक नाही, पण काडीला टोचून फिरत खाता येतं हे खरं.

---

भरीतवाला:

ओसरीताईंशी सहमत, पण ठेच्याचं नीट होऊ द्या आधी.

मिरच्यांचे देठ काढायचे, धुवायच्या आणि पुसून कोरड्या करायच्या. ओल्या मिरच्या भाजल्या जात नाहीत, वाफवल्या जातात. लोखंडी तव्यावर चमचाभर तेल, मिरच्या, वरून जड झाकण. काळे डाग पडेपर्यंत हलवायच्या नाहीत. मग लसूण, जिरं, जाडं मीठ, आणि त्याच तव्यात तांब्याच्या बुडाने रगडायचं. मिक्सर नाही हे तुमचं नशीबच म्हणा. मिक्सरातून निघते ती चटणी.

शेंगदाणे घालू नका. दाणे घातले की ते दाण्याचं काहीतरी होतं.

आमच्याकडे हिवाळ्यात शेतावर भरताच्या पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या. तुमच्या आगटीत जागा असेल तर दोन-चार वांगी सरकवा.

---

सोलापुरी चादर:

@भरीतवाला, दाणे घालू नका हे खानदेशात ठीक. बार्शीत येऊन हे बोलू नका, परत जाताना गाडीला धक्का मारायला माणूस मिळणार नाही.

भाजलेले दाणे जाडसर कुटून घातले की ठेचा पुरवठ्याला येतो आणि नवख्याच्या जिभेला जरा आधार मिळतो. तीस माणसांना पाव किलो मिरची, शंभर ग्रॅम सोललेला लसूण आणि दीडशे ग्रॅम दाणे पुरेत. प्रत्येकाच्या वाट्याला मोठा चमचा येतो, आणि दुसरा चमचा मागणारे तुमच्या घरचेच असणार.

ती बांधावरची बारकी मिरची ठेच्यात निम्म्याने घालायचा मोह टाळा. मूठभर बस.

---

चुलीवरची:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भावनगरीत आहे. भरली मिरची हातात धरून खाता येते, गार झाली तरी चांगली लागते, आणि आदल्या रात्री भरून ठेवता येते. याहून सोपं काही नाही.

बेसन कोरडंच मंद आचेवर खमंग भाजायचं. त्यात दाण्याचं कूट, धणे-जिरेपूड, ओवा, हळद, मीठ, आमचूर, चिमूटभर गूळ. मुठीत दाबलं की गोळा राहील इतकंच तेल. पाणी अजिबात नाही, नाहीतर रात्रीत आंबेल. मिरचीला एकाच बाजूने चीर द्यायची, दोन्ही टोकांना अर्धा इंच सोडून. म्हणजे सारण बाहेर पळत नाही. तव्यावर झाकण ठेवून फिरवत फिरवत दहाएक मिनिटं.

आता तिखटाचं. लोक बिया झटकतात आणि समजतात झालं. तिखटपणा मुख्यतः बियांत नसतोच. आत जी पांढरी शीर असते, जिला बिया चिकटलेल्या असतात, तिच्यात तो तयार होतो. बिया शेजारी असतात म्हणून त्यांना लागतो. चमच्याच्या मागच्या टोकाने शीर खरवडून काढली की निम्मं भांडण मिटलं. (म्हणूनच अख्खी मिरची मिठाच्या पाण्यात भिजवून फार काही होत नाही. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा.)

भावनगरी सौम्य म्हणून आंधळेपणाने भरू नका. झाडाला पाण्याचा ताण बसला असेल तर तीही बहुधा चिडते. चाखायची तर देठाकडचा तुकडा चाखा. शेंडा सगळ्यात सौम्य असतो, तो चाखून फसायला होतं.

---

टेक्सासची सून:

इथे उन्हाळ्यात बागेतल्या कोळशाच्या जाळीवर मंडळाची सहल असते, तिथे आम्ही हालापिन्यो (जाडसर मेक्सिकन हिरवी मिरची) वापरतो. उभी अर्धी कापायची, चमच्याने आतलं सगळं कोरून काढायचं, त्या होडीत क्रीम चीज, किसलेलं पनीर, कांदा, जिरेपूड भरायची आणि जाळीवर ठेवून झाकायचं. सालीवर फोड यायला लागले की तयार. उलटवायची गरज नाही.

भावनगरीचं हेच होईल. क्रीम चीज शोधत बसू नका, चक्का आणि किसलेलं साधं चीज चालतं.

पोरांसाठी बारक्या शिमला मिरच्या घ्या आणि तेच सारण भरा. शिमला मिरचीत कॅप्साइसिन नसतं म्हटलं तरी चालेल. हालापिन्यो तिखटपणाच्या स्कोव्हिल मापात अडीच हजार ते आठ हजारांच्या दरम्यान असते, शिमला शून्यावर. त्यामुळे पोरांना मोठ्यांसारखंच ताट मिळतं आणि "मला का नाही?" हा दंगा होत नाही. फक्त दोन्ही एकाच परातीत ठेवू नका. मधे कुणीतरी हात घालतंच आणि मग कुठली कुठे गेली कळत नाही.

---

कडबाकुट्टी:

वा, एवढ्या लवकर इतकं! भरली मिरची पक्की. शिमला मिरचीची युक्ती तर फारच आवडली. दाण्यांच्या वादात मी पडत नाही, सासर बार्शीचं आहे.

आणखी दोन शंका. नवऱ्याला मिरचीची भजी हवीच आहेत, ती शेतावर तळावीत का? आणि ठेचा शनिवारी करून नेला तर चालेल का? रविवारी सकाळी माझा हात रिकामा राहील असं वाटत नाही.

---

चुलीवरची:

भजी तळा, पण चुलीवर नको, शेगडीवर. चुलीचा जाळ वाऱ्याने कमी-जास्त होतो, भजी बाहेरून करपतात आणि आतून कच्ची राहतात. शेगडीलाही वाऱ्याच्या बाजूने पत्रा लावा. कढई अर्ध्याच्या वर भरू नका आणि पोरांना लांब ठेवा.

मिरची अख्खी तळायची असेल, वड्याबरोबर देतात तशी, तर आधी चीर द्या किंवा टोचा. आतली वाफ कोंडली की मिरची फुटते आणि तेल अंगावर येतं.

आणि कडब्याची गंजी आगटीपासून आणि शेगडीपासून लांब असू दे. पाण्याच्या दोन बादल्या भरून जवळ. हे सासऱ्यांना सांगायची हिंमत माझ्यात नाही, तुम्ही बघा.

---

औषधाची गोळी:

ठेचा आदल्या दिवशी करायला हरकत नाही, पण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी बर्फाच्या डब्यातून न्या. वरून तेल सोडून बाहेर आठवडाभर ठेवायची पद्धत मला पसंत नाही. लसूण तेलाखाली हवाबंद होऊन बाहेरच्या तापमानात राहिला की त्यात बोटुलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जंतू वाढायचा धोका असतो, आणि ते वासावरून कळत नाही. चक्क्यातला ठेचा मात्र शेतावरच कालवा आणि वाटी बर्फावर ठेवा.

पाहुण्यांसाठी दोन गोष्टी हाताशी असू द्या.

कुणाला झोंबलं तर पाणी देऊ नका, त्याने तेवढ्यापुरतं गार वाटतं. दूध किंवा दही द्या. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्साइसिनला धरून जिभेवरून काढतं. तुमच्याकडे दही-ताक आहेच, पण ताक फार पातळ असेल तर दहीच द्या.

मिरच्या चिरणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. नसतील तर काम झाल्यावर हाताला आधी तेल चोळायचं, मग भांड्याच्या साबणाने धुवायचे. नुसत्या पाण्याने ते हाताला आणखी पसरतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना मिरच्या चिरायला बसवू नका. डोळ्यात गेलंच तर भरपूर स्वच्छ पाणी, आणि डोळ्यात तेल-तूप काहीही घालायचं नाही.

ठेच्यासाठी मिरच्या भाजताना वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. पाहुणे वाऱ्याच्या दिशेला बसले असतील तर बेत खोकल्यानेच सुरू होईल.

---

आंबटगोड:

सगळं छान चाललंय, पण सांडगी मिरची कुणी सांगितली नाही?

मेथी, धणे, हिंग, मीठ कुटून भरलेली, दह्यात भिजवून उन्हात खडखडीत वाळवलेली. तळायला दोन मिनिटं, डब्यात भरून नेली तर नरम पडत नाही, आणि दही-भाताबरोबर त्या तिखट न खाणाऱ्यांनाही चालते. थंडीतल्या उन्हात वाळायला वेळ लागतो, म्हणून आता करायला घेऊ नका. कुणाकडे गेल्या उन्हाळ्याची असेल तर मागवा. तळताना तेल जरा कमी तापवा, काळी झाली की कडू होते.

उरलेल्या ढिगाचं म्हणाल तर ज्वाला झाडावरच लाल होऊ द्या आणि मग वाळवा. हिरवी खपवायची घाई कशाला?

---

कडबाकुट्टी:

सांडगी मिरची जावेकडे आहे, आजच फोन करते. भजी शेगडीवर, ठेचा शनिवारी, चक्का शेतावर. भरीतवाल्यांची वांगीही घेते, आगटीत शेवटी सरकवू म्हणजे सासऱ्यांना हुरडा झाल्याशिवाय कळणार नाही.

ओसरीताई, चक्क्याचं प्रमाण तेवढं सांगा. अंदाजाने केलं तर माझा हात तिखटाकडेच जातो.

---

ओसरी:

एक वाटी चक्क्याला दोन चहाचे चमचे ठेचा, एवढ्यापासून सुरू करा. मीठ आधी घालू नका, ठेच्यात आहेच. कालवून दहा मिनिटं थांबा आणि मग चाखा, कारण तिखट दह्यात हळूहळू उतरतं, लगेच चाखलं तर कमी वाटतं. चाखायला मात्र तुम्ही किंवा सासूबाई नकोत. त्या गुजराती वहिनींना बोलवा. त्या म्हणाल्या ठीक आहे, की थांबा.

लोण्याला याच्या दुप्पट चालेल.