शेजारच्या काकूंच्या नळावर माझ्या सातेरी जातीच्या मधमाश्या, काय करू?

कळंबेकर: गच्चीवर सातेरीच्या दोन पेट्या आहेत, दिवाळीपासून. गुढीपाडव्यापर्यंत कुणाची तक्रार नव्हती. आता ऊन तापलं तशा माश्या शेजारच्या काकूंच्या परसातल्या नळावर. कळंबा तलाव हाकेवर आहे, पण ह्यांना तो शेवाळलेला, ठिबकणारा नळच गोड लागतो! काल दहा वाजता मोजल्या, एका वेळी चाळीसेक. परवा काकूंच्या नातवाच्या बोटाला चावली. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पिवळे ठिपके, ते वेगळंच. पेट्या मागच्या गल्लीत, मित्राच्या गच्चीवर नेल्या तर भागेल का?

पाटगावचा मधपाळ: मागच्या गल्लीत नका नेऊ भाऊ. माश्या जुन्या जागीच येऊन घिरट्या घालतील, आणि काकूंचं डोकं आणखी फिरेल. हलवायच्याच तर रोज फूटभर सरकवा, नाहीतर रात्री दार बंद करून एकदम दोन-तीन किलोमीटर लांब. पण तुमचं दुखणं नळात आहे. उन्हाळ्यात पेटी गार ठेवायला माश्या पाणी वाहतात, आणि एकदा पाणवठा पाठ झाला की सहजी सोडत नाहीत. आधी तो नळ कोरडा करा. त्याच दिवशी पेट्यांजवळ उथळ परात ठेवा, त्यात खडे, ओलं गोणपाट, चिमूटभर मीठ. परात एक दिवसही सुकू द्यायची नाही.
पोराचा काटा लगेच नखानं खरवडून काढला होता ना? नुसती बोटाला सूज असेल तर ठीक. अंगावर गांधी उठल्या, धाप लागली तर थेट दवाखाना.

गुऱ्हाळवाली: परातीत साखर-गूळ टाकायचा शहाणपणा करू नका. आमच्याकडं काकवीचा डबा उघडा राहिला की काय होतं ते दर हंगामात बघते. पेटीच्या दारासमोर पुरुषभर उंच हिरवी जाळी बांधा, माश्या वर चढूनच पुढं जातात. ठिपके म्हणजे त्यांची घाण, चादर वाळायच्या आधी गार पाण्यात बुडवायची.

कळंबेकर: आठवडा झाला. प्लंबर मीच आणला, वायसर बदलला. तीन दिवस माश्या कोरड्या नळाभोवतीच, परातीकडं ढुंकून बघेनात. मग नळाखालचं शेवाळ खरवडून गोणपाटाला चोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर रांग! नळावर आता चार-पाच चुकार असतात. जाळी बांधली. चादरीचं मात्र मिटलेलं नाही, काकू कपडे पुढच्या गॅलरीत घालतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.